चार पट्ट्यांचा फ्लेक्स

सातारा, ३ डिसेंबर २०२४

आबा,

'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. तुम्ही माझा फोन सहा वेळा कट केलात. फोन कट करणाऱ्याला तीर्थरूप म्हणावं की नाही, ते मला ठरवता येईना. पत्र कट करता येत नाही. ते फाडावं लागतं, आणि फाडण्याआधी तुम्ही ते वाचाल याची मला खात्री आहे. सत्तावीस वर्षं फौजेच्या सिग्नल्समध्ये काढलेला सुभेदार आलेला संदेश न वाचता फेकत नाही.

काल नाथाजीकाका इथे रेश्मामावशीकडे आले होते. आईने दिलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी आणि तुमचं निवेदन, दोन्ही घेऊन. चटणी ठेवून घेतली. निवेदन परत पाठवलं.

पाठवण्याआधी दोनदा वाचलं. 'ग्रामीण भागातील माजी सैनिकाच्या कन्येवर विमान कंपनीने केलेल्या घोर अन्यायाबाबत.' यातला 'घोर' तुमचा. 'सदर कन्या' नाथाजीकाकांची. खाली गावातल्या दोनशे माणसांच्या सह्या आणि सगळ्यांच्या वर एक मोकळी ओळ, माझ्यासाठी. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करायचा आणि मग ट्रॅक्टर काढून कलेक्टर कचेरीवर जायचं, असं काका म्हणाले. मी सही केल्याशिवाय तुम्ही माझ्याशी बोलणार नाही, हेही म्हणाले.

मी सही करणार नाही.

तुम्हाला वाटतं, तुमचा राग फ्लेक्सचा आहे. तर तो हिशोब आज करून टाकू.

कंपनीचं पत्र आलं होतं ते शेवटच्या फेरीचं. लेखी परीक्षा झाली, काठी धरून पडद्यावरचं विमान सरळ ठेवायची परीक्षा झाली, हजारोंतून चाळीस उरले, त्यात मी होते. शेवटची फेरी हैदराबादला व्हायची होती. पास झाले असते तर वैमानिक होण्याचं सगळं शिक्षण कंपनीने केलं असतं. नापास झाले तर काहीच नाही. हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "शेवटची फेरी म्हंजे नुसतं तोंड बघायचं अस्तंय." आणि दिवाळीच्या पाडव्याला गावच्या स्टँडवर वीस फुटांचा फ्लेक्स चढला. 'गावची पहिली वैमानिक कन्या कु. राजेश्वरी हंबीरराव हिचे हार्दिक अभिनंदन!'

आबा, पलूसच्या फ्लेक्सवाल्याने माझं मुंडकं कुठल्यातरी गोऱ्या पुरुषाच्या धडावर चिकटवलं होतं. खांद्यावर चार पट्ट्या. चार! कॅप्टन व्हायला हजारो तास उडावं लागतं. तुम्ही मला अर्ध्या तासात कॅप्टन केलंत. आणि खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे फोनवर बोलत असलेले, नाथाजीकाका गॉगल लावून.

आपल्याकडे पोरगं परीक्षेला बसायला निघालं की फ्लेक्सवाल्याला फोन जातो. निकाल नंतर येतो, कधीकधी येतच नाही, आणि पोरगं वर्षभर स्वतःच्या फोटोखालून मान खाली घालून जातं. मला तसं जायचं नव्हतं. अठरा नोव्हेंबरला नकार आला. एकोणीसला भर दुपारी बारा वाजता, ट्रॅक्टरवाल्या धुळाच्या ट्रॉलीवर चढून, उसावर उभी राहून, मी कोयत्याने दोऱ्या कापल्या. एक दोरी कापताना फ्लेक्स मधोमध फाटला, ते मुद्दाम नव्हतं. बाकी सगळं मुद्दाम होतं.

तुम्ही मोटारसायकल आडवी लावलीत. "खाली उतर," म्हणालात. मी उतरले. "बोर्ड न्हाई फाडलास तू. माझी पगडी फाडलीस." त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही.

धोंडुबाईने मात्र मी पिशवी घेऊन एसटीत चढेपर्यंत पाठ सोडली नाही. "काय गं राजा, इमान कुटं उतरलं?" मी म्हटलं, "अजून उडालं न्हाई, मावशे. उडालं की तुझ्याच घरावरनं नेते. कौलं धरून बस."

तेच तुम्हालाही सांगते. मला नकार मिळाला आहे, मी मेलेले नाही. दोनशे सह्या गोळा करून माझं सुतक पाळू नका. एका कंपनीने 'नाही' म्हटलं म्हणून हात जोडून दारात बसणाऱ्यांतली मी नव्हे. बारा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येतो. मी करणार.

तुमची,
राजेश्वरी

(ही माझी सही. या कागदावर हवी तितकी घ्या.)


सातारा, १९ डिसेंबर २०२४

आबा,

उत्तर आलं नाही. नाथाजीकाका आले.

मी क्लासवरून येत होते. इथे अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवते, हे आईने सांगितलं असेलच. काका जिन्यातच बसले होते. "ताईसाब, सुधरून आणलंय. आता दगडालाबी पाझर फुटंल."

मी वाचलं. नवीन परिच्छेद होता. 'सदर निवडीत कुपवाड येथील एका कारखानदाराच्या कन्येस वशिल्याने स्थान देण्यात आले असून तिच्या निवडीची सखोल चौकशी होऊन सदर निवड रद्द व्हावी.'

"हे कुणी घातलं?"

"म्या घातलं. पर आबा न्हाई म्हनलं न्हाईत."

"काका, त्या मुलीला तुम्ही ओळखता?"

"वळकायचं काय त्येच्यात? सांगली जिल्ह्यातनं दोगीच गेल्ता. तिचं झालं, तुजं न्हाई झालं. गणित साधं हाय की."

"आणि वशिला कुणी पाहिला?"

"कुपवाडात कारखाना म्हंजे वशिला आलाच गं. एक सही कर. सहीनं काय हात झिजतोय व्हय तुजा?"

आबा, त्या 'कारखानदाराच्या कन्ये'चं नाव ब्राह्मी. सांगलीहून हैदराबादच्या बसमध्ये माझ्या शेजारच्या सीटवर होती. तिच्या आईने दिलेला चिवडा आम्ही दोघींनी मिळून सोलापूरच्या आधीच संपवला. भरतेशकाकांच्या, तिच्या वडिलांच्या, कारखान्यात तीन लेथ मशिनं आहेत आणि तिसरं चालवायला माणूस मिळत नाही म्हणून ते स्वतः चालवतात. एवढा तो कारखाना. तुमच्या निवेदनाने ती पोरगी चौकशीच्या फेऱ्यात अडकेल. फेब्रुवारीत तिचं प्रशिक्षण सुरू व्हायचं आहे. कंपनीला भानगड नको असते. अशा वेळी कंपनी चौकशी करत बसत नाही, नाव काढून टाकते आणि पुढच्याला बोलावते. एका खोट्या ओळीने तिचं विमान जमिनीवरच राहील, आणि त्या ओळीच्या डोक्यावर माझी सही असेल.

तुम्ही 'न्हाई म्हनलं न्हाईत'. तुम्ही, आबा! ज्यांनी मला शिकवलं की ज्याची खात्री नाही तो संदेश पुढे द्यायचा नाही.

अन्यायाबद्दल मला शिकवू नका. शाळेपासून वक्तृत्व स्पर्धांत अन्यायावर बोलून मी कपाटभर ढाली आणल्यात. होय, त्या दारात अन्याय आहे. आमच्या गटात सहाजण होते, त्यातले चौघे आधी पैसे भरून विमानात बसून, काठी हातात धरून आलेले. त्यांच्या घरात इंग्रजी जेवताना बोललं जातं. आमच्या घरात ते अर्ज भरताना बोललं जातं. कंपनीचं परीक्षा केंद्र साताऱ्यात नाही, सांगलीत नाही, आणि कुणी ते आणायच्या गडबडीतही नाही. हे मी चव्हाट्यावर बोलेन, लिहीन, कुणी अडवू शकत नाही. त्यासाठी निवेदन काढा, पहिली सही माझी. पण मला नकार त्यामुळे मिळाला, असं त्या कागदावर लिहिलंय, आणि ते खरं नाही.

त्या खोलीत सहाजणांत सगळ्यात चांगलं मी बोलले. माझं इंग्रजी अडलं नाही. बोलायला लागले तेव्हा टेबलावरचे सगळे गप्प झाले. मी जिंकले होते.

बाकी काही सांगण्यासारखं नाही. निवेदन काकांच्या पिशवीत परत घातलंय. चहा दिला. साखर जास्त घातली, तोंड तरी गोड जावं म्हणून.

राजेश्वरी


सातारा, ६ जानेवारी २०२५

आबा,

मागच्या पत्रात 'बाकी काही सांगण्यासारखं नाही' असं लिहिलं होतं. तुम्ही ओळखलं असणार. सांगण्यासारखं तेवढंच होतं.

परवा कुपवाडला गेले होते. आईला सांगितलं नाही. ब्राह्मीचा पत्ता शोधत एमआयडीसीत तासभर हिंडले. पत्र्याचं शेड, आत तेलाचा वास, भरतेशकाका मशिनवर, आणि ती कोपऱ्यात स्टुलावर बसून तयार झालेले लोखंडी तुकडे एकेक मोजत होती. मला बघून उठली नाही.

"भांडायला आलीस?"

"आले होते. वाटेत विचार बदलला."

"मग बस. हे दहा राहिलेत."

मी बसले. दहा तुकडे तिने मोजले, वहीत लिहिले, दोन बाजूला काढले. भरतेशकाका मशिनच्या आवाजातून ओरडले, "चा घेनार का गं पावनी?" आणि उत्तराची वाट न बघता पोराला पाठवलं. मी दहा मिनिटं एक शब्द बोलले नाही. माझ्या आयुष्यातली पहिली दहा मिनिटं असावीत.

मग मी तिला विचारलं, "खरं सांग. मी कुठे हुकले?"

ती म्हणाली, "तुला माहितीय."

आबा, खोलीत काय झालं ते आता सांगते.

सहाजणांना एका टेबलाभोवती बसवलं होतं. गोष्ट अशी दिली होती की महापुराने चार गावं तुटली आहेत, आपल्याकडे एकच लहान विमान आहे, औषधं पोचवायची आहेत. कुठल्या गावी आधी जायचं ते सर्वांनी मिळून वीस मिनिटांत ठरवा. प्रत्येकाच्या हातात एक कागद. भिंतीला टेकून तिघे परीक्षक वह्या घेऊन बसलेले.

महापूर! मला महापूर दिला त्यांनी! दोन हजार एकोणीसला मी सोळा वर्षांची होते. आपण आठ दिवस शाळेच्या गच्चीवर होतो, तुम्ही गळ्यापर्यंत पाण्यात उतरून म्हशींची दावी कापली होती, आणि सहाव्या दिवशी डोक्यावर हेलिकॉप्टर येऊन थांबलं. त्या दिवशी मी ठरवलं होतं की मी वरून येणार. त्या टेबलावर मला वाटलं, देवानेच प्रश्न काढलाय. मी उभी राहिले. बाकीचे बसलेले होते, मी उभी राहिले, आबा, जशी स्पर्धेत राहते तशी. गच्ची सांगितली, म्हशी सांगितल्या, हेलिकॉप्टर सांगितलं. मग मी क्रम सांगितला. पहिलं गाव, दुसरं गाव, चौथं, आणि शेवटी तिसरं.

"तुझं ऐकून मला रडू आलं गं," ब्राह्मी म्हणाली. "खोटं नाही सांगत. मग मी घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं गेली होती."

प्रत्येकाच्या कागदावर एक माहिती अशी होती जी दुसऱ्या कुणाच्याच कागदावर नव्हती. मी माझाच कागद वाचला होता. ब्राह्मीच्या कागदावर होतं की तिसऱ्या गावची धावपट्टी चार वाजता पाण्याखाली जाते. माझ्या क्रमाने विमान तिथे साडेचारला पोचत होतं.

"मग तू बोलली का नाहीस?" हे मी तिलाच विचारलं. बघा माझा निगरगट्टपणा.

"तीनदा बोलले. तिसऱ्यांदा तू माझ्या हातावर हात ठेवलास. म्हणालीस, थांब, पूर काय असतो ते मला माहितीय."

एवढं तिने सांगितलं. एक गोष्ट तिने सांगितली नाही. ती मोठ्या मनाची आहे म्हणून नाही सांगितली. ती मी सांगते, कारण ती मला अठरा नोव्हेंबरपासून नव्हे, त्या दिवसापासूनच आठवते आहे. शेवटी तिने एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'तिसरं गाव, चारला बंद', आणि ती चिठ्ठी टेबलाच्या मधोमध सरकवली. मी ती वाचली. वाचली, आबा. आणि बोलता बोलता हाताने बाजूला सारली, कारण माझं शेवटचं वाक्य यायचं होतं आणि ते फार चांगलं वाक्य होतं.

खऱ्या विमानात ती माझ्या शेजारी बसलेली असती तर चार वाजून गेले असते, खाली पाणी असतं, आणि मी माझं वाक्य पूर्ण करत असते.

म्हणून नकार.

मी लहान असताना तुम्ही सुट्टीवर आलात की दोन खेळण्यातले वायरलेस आणायचात. मी उसाच्या या टोकाला, तुम्ही त्या टोकाला. मी बटण दाबून बडबडत सुटायचे. तुम्ही ऊस तुडवत यायचात आणि म्हणायचात, "बटण दाबून धरलंस तर माजं कसं ऐकू यील? बोलून झालं की 'ओव्हर' म्हणायचं अन् बोट उचलायचं." मी सात वर्षांची होते. तेव्हा शिकले. मग शाळेने मला व्यासपीठ दिलं, टाळ्या दिल्या, घंटा वाजली तरी बोलत राहणाऱ्या पोरीला पहिला नंबर दिला, आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्यात. बोट उचलायचं आपण दोघेही विसरलो.

निघताना भरतेशकाकांनी मशिन बंद केलं. म्हणाले, "तुमच्या गावाकडनं कसलं तरी निवेदन निगनार हाय म्हनं. कानावर आलंय." ब्राह्मी खाली बघत होती. तिची बॅग शेडमध्येच होती, आईने आत्तापासून भरून ठेवलेली.

ते निघणार नाही, असा मी त्यांना शब्द दिलाय. सव्वीस तारखेला मी गावात येते. तुम्ही मला घरात घ्या अथवा नका घेऊ. ग्रामसभा तुमच्या बापाची नाही आणि माझ्याही नाही.

राजेश्वरी


सातारा, २८ जानेवारी २०२५

आबा,

तुम्ही समोरच होतात, तरी लिहिते. तुम्ही माझ्याकडे बघत नव्हता, म्हणून मी काय पाहिलं ते तुम्हाला माहीत नाही.

झेंडावंदनाचा चुना अजून ओला होता. तुम्ही कोट घातला होता, पदकं लावली होती, कडक कॉलर. नाथाजीकाकांनी माईक घेतला आणि माझी ओळख करून दिली. 'जिच्या वाणीवर सरस्वती नाचते' इथपर्यंत ते गेले. समोर दोनशे सह्या बसल्या होत्या. सगळ्यांना वाटत होतं, आता पोरगी आग ओकणार.

मी माईक घेतला नाही. माईक घेतला की मला काय होतं ते मला कळलंय. सात-आठ वाक्यं बोलले, तेवढीच. मला नकार का मिळाला ते सांगितलं. चिठ्ठी सांगितली. कुपवाडच्या मुलीची जागा तिच्या हक्काची आहे, तिच्याविरुद्ध हा गाव एक अक्षर लिहिणार असेल तर त्या अक्षरावर माझं नाव घालू नका, असं सांगितलं. आणि नोव्हेंबरमध्ये मी पुन्हा अर्ज करणार आहे, असंही.

मागून कुणीतरी ओरडलं, "मग त्यो डिजिटल बोर्ड कशापायी लावला रं?" सगळे हसले. तुमची मान हलली नाही, पण कॉलरच्या वर गळ्याची शीर हललेली मी पाहिली. मला वाटलं, आत्ता, या क्षणी मी माईक घेऊन या हसणाऱ्यांना पाच मिनिटांत रडवू शकते. घेतला नाही. आयुष्यात इतकं अवघड काही केलं नव्हतं.

दुसरा म्हणाला, "अन् परत न्हाई म्हनलं तर गं?"

"तर परत येऊन सांगीन. इथंच उभी राहून. तुम्ही तेवढं हसायला या."

धोंडुबाई पुढच्या रांगेतून म्हणाली, "लय थोडं बोललीस बाय आज. पोट न्हाई भरलं."

मग तुम्ही उठलात. नाथाजीकाकांच्या हातातून निवेदन घेतलंत. काका म्हणाले, "आवं सुभेदार, ठराव ऱ्हायलाय..." तुम्ही कागदाची घडी घातलीत, मग आणखी एक घडी, पदकांच्या मागच्या खिशात सरकवलंत, आणि चालू लागलात. पायात लेफ्ट-राइट होतं. माझ्यापासून दोन हातांवरून गेलात. थांबला नाहीत.

ठराव झाला नाही. कागदच नव्हता तर ठराव कशाचा करणार.

तुम्ही रागावलात की आणखी काही, मला कळलं नाही. मी शेवटच्या एसटीची वाट न बघता दुपारचीच पकडली. रडले नाही. कराडपर्यंत नाही.

इथे एका शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. मी म्हटलं, परीक्षक नको, घंटा द्या. वेळ संपली की घंटा वाजवणारं माणूस त्यांना कधी मिळत नाही, कुणाला ते काम नको असतं. काल दिवसभर घंटा घेऊन बसले आणि बेचाळीस पोरांना ऐकलं. एक नववीतली पोरगी घंटा झाल्यावरही बोलत राहिली, डोळे माझ्यावर रोखून. मी पुन्हा वाजवली. ती थांबली नाही. मी तिच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं, बाई गं, तुला कुणीतरी वेळेत सांगायला हवं. मग तिसऱ्यांदा वाजवली, जोरात.

ब्राह्मीचा मेसेज आला. तिची तारीख पक्की झाली. भरतेशकाकांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय.

राजेश्वरी


तासगाव, ६ एप्रिल २०२५

आबा,

दोन महिने मी लिहिलं नाही. तुम्हीही नाही. आईशी बोलणं होतं, तेव्हा मागे तुमचा खाकरण्याचा आवाज येतो, एवढाच आपला संबंध.

आज तानाजीमामाकडे आले. बेदाण्याचा हंगाम आहे, माणसं कमी पडतात. शेडात जाळ्यांच्या रॅकवर द्राक्षं पसरलेली, वरून खालपर्यंत, हिरवी, सोनेरी, आणि सगळ्यांचे डोळे आभाळाकडे, कारण वळवाचा एक शिडकावा आला तरी माल काळा पडतो. प्रत्येक शेडवर जुने फ्लेक्स बांधलेले असतात, तुम्हाला माहीतच आहे. निवडून आलेले, पडलेले, वाढदिवसवाले, सगळे शेवटी बेदाण्यावरच येतात.

मामा म्हणाला, "वर जाऊन बघ जरा. तुजी गाठ पडंल."

शिडी लावून चढले. शेडवर मी होते.

वीस फुटांची मी, आडवी, आभाळाकडे तोंड करून. कोयत्याने फाटलेलं दाभणाने शिवलेलं, सुतळीचा टाका, एकसारखा, बोटभर अंतरावर. असा टाका फौजी माणूसच घालतो. नाथाजीकाका गॉगल लावून उन्हात पडलेत. आता कुठे त्या गॉगलचा उपयोग झाला.

"दाजी सोता आलं," मामा खालून सांगत होता. "दाभण, सुतळी घिऊन. दोन तास वाकून शिवत बसलं. म्या म्हनलं, दाजी, पांढरी बाजू वर करा, ऊन कमी धरतंय, समदी तसंच बांधत्यात. तर माज्यावरच वसकलं."

"काय म्हणाले?"

"'तोंड वरच ऱ्हाईल,' म्हनलं. 'तिला वर बगायची सवय हाय.'"

मी शिडीवरच थांबले. मग माझं लक्ष खांद्यांकडे गेलं.

चार पट्ट्या नव्हत्या. दोन्ही खांद्यांवर काळा ऑइलपेंट होता. फासलेला नाही, पट्टी धरून, कडा सांभाळून मारलेला, जसा तुम्ही ट्रंकेवर स्वतःचा नंबर घालायचात. चारही पट्ट्या गेल्या होत्या. एकही ठेवली नव्हतीत. चेहरा ठेवलात, टोपी ठेवलीत, 'वैमानिक' हा शब्दही ठेवलात. जे मी मिळवलेलं नाही तेवढंच पुसलंत.

आबा, या देशात कुणी वाचला नसेल इतका चांगला निरोप मी आज त्या शेडवर वाचला.

मामाने किलोभर बेदाणा बांधलाय, त्याच शेडचा; तो आणि हे पत्र आत्ताच मामाच्या हाती तुमच्याकडे पाठवते. माझ्या तोंडाखाली वाळलेला आहे, त्यामुळे थोडा तिखट लागेल.

नोव्हेंबरमध्ये अर्ज सुरू होतात. मी भरणार. मला कुणाची दया नको, कुणाची चौकशी नको, मला त्या टेबलावर पुन्हा एकदा बसायचंय. या वेळी बसूनच राहीन, आणि सगळ्यांचे कागद आधी मागून घेईन. ते पुन्हा 'नाही' म्हणू शकतात. त्यांचा तो अधिकार आहे, आणि पुन्हा विचारायचा माझा. दार त्यांचं आहे, हात माझा आहे. ठोठावायला मी दमणार नाही. फ्लेक्स मात्र निकालानंतर. आणि तोही एक पट्टीचाच.

हे पाचवं पत्र. आधीची चार आठवून बघितली तर पाचही पत्रांत मीच बोलतेय. तुम्हाला गप्प बसवून तुमच्यावर गप्प बसल्याचा आरोप केला. त्या खोलीतही मी हेच केलं होतं.

तर आज संध्याकाळी सहाला फोन करते. मी 'आबा' एवढंच म्हणेन आणि थांबेन. तुम्ही शिव्या दिल्यात तरी चालेल. खाकरलात तरी चालेल.

बोट उचललंय.

ओव्हर.